‘आत्महत्येस प्रवृत्त करणे’: कायदा कुठवर आला आहे?

‘आत्महत्येस प्रवृत्त केल्याप्रकरणी गुन्हा दाखल’ ही ओळ मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकाला इतकी सवयीची झाली आहे की तिच्यामागचा कायद्याचा प्रश्न आता कुणाला टोचत नाही. आरोपीच्या जागी कधी नवरा आणि सासू असतात, कधी सावकार, कधी कार्यालयातला वरिष्ठ, कधी शिक्षक, कधी धंद्यातला भागीदार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःचा जीव घेतला, तर त्याची जबाबदारी दुसऱ्यावर केव्हा टाकता येते? आणि ती ठरवण्याची कसोटी कोणती? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी 22,746 महाराष्ट्रातल्या होत्या आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. त्यामुळे हा प्रश्न केवळ वकिलांचा राहत नाही.

कलमाची घडण

मेकॉलेच्या विधी आयोगाने 1837 मध्ये दंड संहितेचा मसुदा सादर केला. तो 1860 मध्ये मंजूर झाला आणि 1862 पासून लागू झाला. या संहितेत अपप्रेरणेला स्वतंत्र प्रकरण आहे. कलम 107 अपप्रेरणेच्या तीन वाटा सांगते: चिथावणी देणे, कटात सामील होणे, किंवा जाणूनबुजून साहाय्य करणे. कलमाचे स्पष्टीकरण चिथावणीचा अर्थ थोडा रुंद करते. जी गोष्ट सांगणे बंधनकारक आहे ती मुद्दाम दडवून, किंवा मुद्दाम खोटे सांगून एखादे कृत्य घडवून आणले, तर तीही चिथावणीच.

कलम 306 मात्र अगदी त्रोटक आहे. कोणी आत्महत्या केली, तर त्या आत्महत्येला अपप्रेरणा देणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कारावास आणि दंड, एवढेच ते म्हणते. अपप्रेरणा म्हणजे काय, हे शोधायला पुन्हा 107 कडेच जावे लागते. मृत व्यक्ती अल्पवयीन, मनोरुग्ण किंवा नशेत असेल तर कलम 305 आहे आणि तिथे शिक्षा मृत्युदंडापर्यंत जाते. स्वतःच्या निर्णयाचा भार पेलण्याची कुवत सर्वांची सारखी नसते, हे या कलमाने तेव्हाच मान्य केले होते. नंतरच्या वादात त्याची आठवण क्वचितच काढली जाते.

एक फरक इथेच नोंदवायला हवा. अपप्रेरणेच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे, ज्या गुन्ह्याची चिथावणी दिली तो घडलाच पाहिजे असे नाही. कलम 306 मात्र मृत्यू झाल्यावरच जागे होते. माणूस वाचला तर या कलमाखाली ‘प्रयत्ना’ची शिक्षाही देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे तोच छळ, तेच शब्द आणि तोच हेतू असूनही, माणूस दगावला की वाचला यावर कलम लागणार की नाही हे ठरते.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात 107 चे 45 झाले, 306 चे 108 झाले आणि 305 चे 107 झाले. जुना 107 म्हणजे व्याख्या आणि नवा 107 म्हणजे बालकाच्या आत्महत्येची अपप्रेरणा, त्यामुळे काही वर्षे तरी फायली वाचताना जपावे लागेल. गाभ्याचा मजकूर मात्र जसाच्या तसा राहिला आहे.

मरणे गुन्हा नाही, मग ढकलणे का?

मुंबई उच्च न्यायालयाने 1986 मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम 309 घटनाबाह्य ठरवले. न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाचा तो निकाल देशभर गाजला. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तीच दिशा धरली. त्यावरून पुढचा युक्तिवाद उभा राहिला: मरण्याचा अधिकार असेल, तर त्याला मदत करणारा गुन्हेगार कसा? 1996 मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने याचे उत्तर दिले. जगण्याच्या अधिकारात मरण्याचा अधिकार येत नाही, आणि 309 टिको वा न टिको, 306 हे स्वतंत्र कलम म्हणून उभे राहू शकते. कोणी स्वतःहून मरणाकडे जाणे आणि दुसऱ्याने त्याला तिकडे नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी ही भूमिका आहे.

पुढे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले आणि तिच्या काळजीची जबाबदारी शासनावर टाकली. ‘टेली-मानस’ची 14416 ही हेल्पलाइन 2022 मध्ये सुरू झाली. नव्या संहितेत जुने 309 राहिलेच नाही. लोकसेवकाला एखादे काम करायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा म्हणून उरला. म्हणजे आज आत्महत्येचे कृत्य गुन्हा नाही, पण त्याकडे ढकलणे गंभीर गुन्हा आहे. यावर आता फारसा वाद नाही. वाद आहे तो ढकलणे कशाला म्हणायचे यावर.

हुंडाबळींचे दशक आणि विवाहितेसाठी वेगळी वाट

1980 च्या सुमारास हुंड्यापायी होणाऱ्या मृत्यूंविरुद्ध देशभर आंदोलने झाली. महाराष्ट्रात पुण्याचा सारडा खटला त्या काळात सर्वांच्या तोंडी होता. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात आरोपीला निर्दोष सोडले, कारण मृत्यू खुनाचा की आत्महत्येचा याबद्दलचा संशय पुराव्याने फिटला नाही. चार भिंतींच्या आत घडलेल्या गोष्टीला साक्षीदार आणायचा कुठून, हा स्त्री-संघटनांचा सवाल त्या निकालाने अधिकच धारदार झाला.

संसदेने 1983 मध्येच दोन पावले उचलली होती. सासरच्या क्रूरतेला 498-अ हे स्वतंत्र कलम आले. पुरावा कायद्यात 113-अ घातले गेले: लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केली आणि तिचा छळ झाल्याचे दिसले, तर नवऱ्याने किंवा सासरच्यांनी अपप्रेरणा दिली असे न्यायालय गृहीत धरू शकते. ‘धरू शकते’, ‘धरलेच पाहिजे’ नाही. हुंडाबळीच्या कलमाशी जोडलेले 113-ब हे गृहीतक सक्तीचे आहे, तर 113-अ न्यायालयाच्या विवेकावर सोडलेले आहे. 1994 मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुढची पायरी सांगितली: संसारात सर्रास घडणाऱ्या कुरबुरींनी एखादी व्यक्ती नेहमीपेक्षा जास्त दुखावली गेली असेल, आणि तशाच परिस्थितीत सामान्य माणूस आत्महत्येकडे वळला नसता, तर दोषी ठरवताना न्यायालयाने थांबून विचार करावा.

ही कसोटी सांगायला सोपी आहे, पण लावायला अवघड. ‘सर्रास घडणाऱ्या कुरबुरी’ कोणाच्या मापाने मोजायच्या? ज्या घरात सुनेला टोमणे मारणे ही रीतच मानली जाते, तिथे तो छळ सर्रास असतो म्हणूनच नजरेआड होतो.

2001 चा निकाल आणि त्यातून निघालेले दोन प्रवाह

छत्तीसगडच्या रमेशकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2001 मध्ये दिलेला निकाल हा या विषयाचा मध्यबिंदू आहे. आजही अशा खटल्यात त्याचा हवाला दिल्याशिवाय युक्तिवाद पुरा होत नाही. भांडणाच्या भरात नवरा बायकोला म्हणाला, तुला हवे ते कर, हवे तिथे जा. त्यानंतर तिने स्वतःला संपवले. न्यायालयाने चिथावणीचा अर्थ उलगडला: एखाद्याला डिवचणे, पुढे लोटणे, भडकवणे किंवा कृत्यासाठी उत्तेजन देणे. रागाच्या किंवा भावनेच्या भरात, परिणाम मनात न धरता उच्चारलेला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे. या तर्काने 306 खालची शिक्षा रद्द झाली, 498-अ खालची मात्र कायम राहिली.

पण त्याच निकालात आणखी एक वाक्य आहे. आरोपीने आपल्या कृतीने, कृती न करण्याने किंवा सतत चाललेल्या वागणुकीने अशी परिस्थिती निर्माण केली असेल की मृत व्यक्तीपुढे आत्महत्येशिवाय दुसरा मार्गच उरला नाही, तर चिथावणीचा निष्कर्ष काढता येऊ शकतो. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांतले दोन्ही प्रवाह या एकाच निकालातून निघाले आहेत. वकील आपापल्या बाजूला सोयीचे वाक्य उचलतात, आणि दोघेही खरेच बोलत असतात.

पहिला प्रवाह हेतू आणि थेट कृती यांवर भर देतो. ‘जा, मर’ असे भांडणात म्हटल्यानंतर दोन दिवसांनी झालेली आत्महत्या 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपप्रेरणा मानली नाही. मध्ये विचाराला वेळ होता, आणि भांडणातले शब्द मनापासूनचे असतात असे धरता येत नाही, असा त्यामागचा विचार होता. 2010 मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका शेतकऱ्याला दोषमुक्त केले गेले. घरातल्या दागिन्यांच्या चोरीचा आळ त्याने शेतगड्यावर घेतला होता आणि दिलेली उचल परत मागितली होती. त्याच वर्षीच्या आणखी एका निकालात सूत्र मांडले गेले: मनात गुन्ह्याचा हेतू हवा आणि मृत्यूकडे नेणारी ठोस कृती हवी. नंतरच्या निकालांनी त्यात तिसरी अट पक्की केली. कृती आणि मृत्यू यांच्यात जवळचा संबंध हवा. महिन्यांपूर्वीचा अपमान पुरेसा नाही.

दुसरा प्रवाह परिस्थितीकडे पाहतो. दिल्लीतल्या भागीदारीच्या वादातून घडलेल्या प्रकरणात 2009 मध्ये न्यायालय म्हणाले की चिथावणीला नेमके शब्दच लागतात असे नाही. वागणुकीतूनही ती निघते, आणि ती आहे की नाही हे खटल्यात पुरावा आल्यावरच कळेल. 2017 मध्ये हिमाचलमधल्या आणि 2019 मध्ये हरियाणातल्या प्रकरणात सतत छेडछाड, टिंगल आणि धमक्यांना कंटाळून मुलींनी जीव दिला होता. दोन्ही ठिकाणी शिक्षा कायम राहिली. शब्द एकदाच उच्चारला गेला की दिवसामागून दिवस तोच मारा होत राहिला, हा या निकालांमधला कळीचा फरक आहे.

महाराष्ट्रातून गेलेल्या दोन प्रकरणांत हे दोन्ही प्रवाह एकाच वर्षात दिसले. औरंगाबादच्या शिक्षण उपसंचालक कार्यालयातल्या कर्मचाऱ्याच्या आत्महत्येनंतर वरिष्ठावर गुन्हा दाखल झाला. जादा काम, रोखलेला पगार, वेतनवाढ थांबवण्याची धमकी असे आरोप होते. उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला, कारण हेतू नसला तरी प्रचंड मानसिक ताण येईल अशी परिस्थिती निर्माण केली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो गुन्हा रद्द केला. एखाद्याला आत्महत्येकडे ढकलण्यासाठी मुद्दाम परिस्थिती निर्माण केली तर कलम लागू शकते हे त्याने मान्य केले, पण या प्रकरणात तेवढी सामग्री नाही असे म्हटले. त्याच वर्षाच्या अखेरीस उलट घडले. पत्नीला वारंवार फोन करून त्रास देणाऱ्यामुळे पतीने जीव दिल्याचा आरोप होता आणि उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा जिवंत केला, कारण हेतू होता की नव्हता हे तपासाच्या टप्प्यावर ठरवायचे नसते. दोन्ही निकाल आपापल्या जागी समजतात. पण तालुक्याच्या पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याने या दोन्हींतून कोणता नियम घ्यायचा?

सत्तेच्या जागा: कार्यालय, कर्ज, जात

ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात नात्यांची दोन गटांत विभागणी केली. घर, कुटुंब, प्रेम यांतली भावनिक नाती एका बाजूला, आणि नोकरी-व्यवहारातली औपचारिक नाती दुसऱ्या बाजूला. औपचारिक नात्यात अपेक्षा आणि बंधने कायद्याने, नियमांनी ठरलेली असतात. त्यामुळे वरिष्ठाने काम करून घेतले, बोलणी ऐकवली, बदली केली, एवढ्याने अपप्रेरणा होत नाही. आधी 2021 मध्ये राजस्थानातल्या एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर शिक्षकावर नोंदवलेला गुन्हाही याच विचाराने रद्द झाला होता. शिस्तीसाठी रागावणे हा शिक्षकाच्या कामाचा भाग आहे. कर्जवसुलीबाबतही हेच सूत्र दिसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये एका वित्त कंपनीच्या कर्मचाऱ्यावरचा गुन्हा रद्द करताना म्हटले की थकलेला हप्ता मागणे हे त्याचे कर्तव्य आहे, चिथावणी नव्हे.

या सूत्राची गरज मला पटते. ते नसेल तर प्रत्येक वसुली, प्रत्येक ताकीद आणि प्रत्येक नापास शेरा संशयाखाली येईल. तरीही औपचारिक नात्यात बंधने असतात म्हणून छळाला जागा कमी असते, हे गृहीत मला पुरेसे वाटत नाही. बंधने असतात तशी सत्ताही असते. पगार, बढती, पदव्युत्तर शिक्षण, गावातली पत हे सगळे ज्याच्या हातात आहे, त्याला ओरडावेसुद्धा लागत नाही. मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयात 2019 मध्ये आदिवासी समाजातल्या निवासी डॉक्टरच्या मृत्यूनंतर अपप्रेरणेबरोबरच अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि महाराष्ट्राचा 1999 चा रॅगिंगविरोधी कायदाही लावला गेला. आरोप खरे की खोटे हे खटल्यातच ठरेल. पण अपप्रेरणेच्या कलमावर सारा भार न टाकता छळाची स्वतंत्र कलमे सोबत असणे किती गरजेचे आहे, हे त्यावरून कळते.

माझ्या मते या विषयातली खरी उणीव इथेच आहे. रमेशकुमार खटल्यात 306 पडले तरी 498-अ उरले, म्हणजे दहा वर्षे आणि निर्दोष सुटका यांच्या मधली एक पायरी तिथे होती. संसाराबाहेरच्या बऱ्याच नात्यांत ती नाही. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यात कर्जदाराला छळणे हा वेगळा गुन्हा आहे. पण बँका त्या कायद्याबाहेर आहेत, आणि राज्यांचे सावकारी कायदे नोंदणीकृत वित्त कंपन्यांना लागू होत नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ठरवले. रिझर्व्ह बँकेने वसुलीच्या फोनला सकाळी 8 ते संध्याकाळी 7 ही वेळ घालून दिली, पण तो नियमनाचा आदेश झाला. मधली पायरी नसली की पोलीस सरळ 306 लावतात, आणि वरचे न्यायालय ते सरळ काढून टाकते.

इतरत्र काय केले गेले?

आपल्याच देशात एक वेगळा नमुना आहे. राजस्थानात देवराला इथे 1987 मध्ये घडलेल्या सतीच्या घटनेनंतर संसदेने सती प्रतिबंधक कायदा केला. त्यात अपप्रेरणेचा अर्थ मोघम ठेवला नाही. विधवेला राजी करणे, त्यातून पुण्य मिळेल असे तिच्या मनात भरवणे, तिचा निश्चय ढळू नये म्हणून तिला उत्तेजन देणे, मिरवणुकीत सामील होणे, ती सुटू पाहत असताना तिला अडवणे: एकेक कृती नावानिशी सांगितली आहे. ती शुद्धीत होती की नशेत, याने फरक पडत नाही हेही लिहिले आहे. सामूहिक दबाव हीसुद्धा अपप्रेरणा असते, हे विधिमंडळाने मनावर घेतले तर शब्दांत मांडता येते, याचा हा पुरावा आहे.

इंग्लंडमध्ये 1961 च्या कायद्याने आत्महत्या गुन्ह्यातून वगळली गेली आणि तिला साहाय्य करण्याला 14 वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली गेली. 2009 मध्ये भाषा बदलली. आत्महत्येला उत्तेजन किंवा साहाय्य देऊ शकेल अशी कृती आणि तसा हेतू पुरेसा आहे, मृत्यू होणे आवश्यक नाही. शिवाय मुख्य सरकारी अभियोक्त्याच्या संमतीशिवाय खटला उभाच राहत नाही. म्हणजे व्याख्या आपल्यापेक्षा रुंद, पण दारावरची चाळणी बारीक. अमेरिकेत मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये म्हटले की नुसता सल्ला किंवा उत्तेजन देण्यावरची बंदी भाषणस्वातंत्र्यात बसत नाही, साहाय्यावरची बसते. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने मात्र 2019 मध्ये, मोबाइलवरच्या संदेशांनी आणि फोनवरून मित्राला मृत्यूकडे ढकलणाऱ्या तरुणीची सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली. एकाच देशातल्या दोन राज्यांनी शब्दांच्या ताकदीचे असे वेगवेगळे माप घेतले.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न टप्प्यांचा. गुन्हा नोंदवताना, आरोप निश्चित करताना आणि शिक्षा देताना लागणारा पुरावा वेगवेगळ्या दर्जाचा असतो. पण अजामीनपात्र कलमात अटक हीच अनेकदा शिक्षा ठरते. अलिबागमधल्या आत्महत्येच्या प्रकरणात पत्रकार अर्णब गोस्वामी यांच्या जामिनावर नोव्हेंबर 2020 मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रथमदर्शनी गुन्ह्याचे घटक आहेत की नाहीत हे उच्च न्यायालयाने जामिनाच्या वेळीही तपासायला हवे. जानेवारी 2025 मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने कर्जवसुलीच्या प्रकरणात आणखी स्पष्ट शब्द वापरले: दुःखी कुटुंबाच्या समाधानासाठी हे कलम यांत्रिकपणे लावू नये. त्याचबरोबर, जिथे घटक पूर्ण होतात तिथे खरा आरोपी सुटू नये, असेही तो निकाल म्हणतो. उद्धृत करताना हा उत्तरार्ध अनेकदा गळतो.

दुसरा प्रश्न चिठ्ठीचा. आपल्या पुरावा कायद्यात मृत व्यक्तीचे मृत्यूच्या कारणाविषयीचे म्हणणे ग्राह्य आहे. चिठ्ठीत नाव आले की तपास त्या नावाभोवती फिरतो. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याची उलटतपासणी होऊ शकत नाही. नाव असणे पुरेसे नाही असे न्यायालये वारंवार सांगत आली आहेत. मात्र चिठ्ठीची मनोवैज्ञानिक छाननी कशी करावी, याची ठरलेली पद्धत खालच्या न्यायालयांपुढे नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत खोल आहे. 2017 चा कायदा आत्महत्या करू पाहणाऱ्याचे मन ताणाने घेरलेले होते असे धरतो, तर अपप्रेरणेची कसोटी ‘सामान्य माणूस काय करता’ असे विचारते. ज्याला समोरच्याचे नैराश्य माहीत आहे आणि तरीही जो त्याच जागी घाव घालत राहतो, त्याला सामान्य माणसाच्या मापाचा फायदा मिळावा का? कलम 305 ने बालक आणि मनोरुग्ण यांच्यासाठी उत्तर दिले आहे. नैराश्याने खचलेल्या प्रौढाचे काय, याचे ठाम उत्तर अजून कोणत्याही मोठ्या पीठाने दिलेले नाही.

2023 मध्ये संसदेने फौजदारी कायद्यांची पुनर्रचना केली, तेव्हा छळाची मधली पायरी घालण्याची, वाचलेल्या व्यक्तीच्या प्रकरणात चिथावणीला शिक्षा ठेवण्याची किंवा सती कायद्याप्रमाणे कृतींची यादी देण्याची संधी होती. कलमांचे क्रमांक बदलले, व्याख्या 1860 चीच राहिली. चिथावणी कुठे सुरू होते हे ठरवण्याचे काम आजही प्रत्येक खटल्यात सत्र न्यायाधीशाकडेच आहे.